पाणी काढले, पुढे काय?

‘पाणी काढू नका, डाक्टरसाहेब. आमच्या चुलत्याचं काढलं आन् चौथ्या दिवशी गेला बगा.’

कळंब तालुक्यात मी पस्तीस वर्षे दवाखाना चालवला. एवढ्या काळात हे वाक्य किती जणांच्या तोंडून ऐकले, त्याची मोजदाद नाही. चुलत्याच्या जागी कधी मामा येतो, कधी शेजारच्या गावचा पाटील येतो. चौथा दिवस मात्र सहसा बदलत नाही. छातीत पाणी झालेल्या माणसाच्या पाठीत सुई घालायची वेळ आली, की घरचे चार लोक बाहेर लिंबाखाली जाऊन बसतात, कुजबुजतात आणि त्यांतला एकजण आत येऊन सांगतो, ‘गोळ्यांवर जिरतंय का बगा आधी.’

जिल्ह्याचे नाव २०२३ मध्ये उस्मानाबादचे धाराशिव झाले. जिल्ह्याच्या गावी शासकीय वैद्यकीय महाविद्यालय उभे राहिले. सोनोग्राफी तालुक्याच्या गावापर्यंत आली. लिंबाखालची ती बैठक मात्र अजून उठलेली नाही. दुखणे जुने, औषध माहीत असलेले, खर्चही डोंगराएवढा नाही. आणि तरीही माणसे उशिरा येतात, अर्धवट बरी होतात, परत येतात किंवा येतही नाहीत. याचा दोष एकट्या अडाणीपणावर ढकलून आम्ही डॉक्टर मंडळी मोकळी होतो. तो तेवढा सरळ नाही, हे सांगण्यासाठी आज लिहायला बसलो आहे.

आधी हे पाणी साठते कुठे, ते पाहू. पुष्कळांची समजूत अशी, की ते फुप्फुसातच भरते, घागरीत भरावे तसे. तसे नाही. फुप्फुसाला बाहेरून एक पातळ पापुद्रा चिकटलेला असतो आणि तसाच दुसरा बरगड्यांना आतून असतो. कांद्याच्या दोन पाकळ्यांमध्ये ओल असते तशी या दोन पदरांमध्ये चमचा-दोन चमचे ओल असते, म्हणून श्वास घेताना फुप्फुस न घासता सरकते. हे फुप्फुसावरण. जंतूंमुळे ते सुजले, की दोन्ही पदर एकमेकांवर खरखरतात आणि श्वासागणिक बरगडीत सुरी खुपसल्यासारखी कळ येते. आपल्याकडे तिला ‘उसण भरली’ म्हणतात. मग शेक होतो, तेल चोळणे होते, कोणी बिब्बा घालतो. तीन-चार दिवसांत कळ खरोखरच थांबते आणि बिब्ब्याचे नाव होते. प्रत्यक्षात घडलेले असते ते असे, की दोन पदरांच्या मध्ये पाणी भरू लागल्याने ते एकमेकांपासून दूर झालेले असतात. घासणे बंद, म्हणून दुखणे बंद. आजार उतरलेला नसतो, वाढलेला असतो. पुढच्या आठवड्यात जिना चढताना दम लागतो, एका कुशीवर झोपवत नाही, संध्याकाळी अंग तापते. पण उसण गेली म्हणून घरचे निर्धास्त असतात. पस्तीस वर्षांत मला या दुखण्यातला सर्वांत फसवा भाग कोणता वाटला असेल, तर तो हा.

पाणी ओळखायची जुनी रीत मोठी साधी आहे. ऑस्ट्रियातला एक डॉक्टर, लिओपोल्ड औएनब्रुगर, खाणावळवाल्याचा मुलगा. पिपात दारू कुठवर आहे, ते पिपावर बोटाने ठोकून पाहतात, हे लहानपणी त्याने पाहिले होते असे सांगतात. १७६१ मध्ये त्याने माणसाच्या छातीवर ठोकून आतले पाणी ओळखण्याची पद्धत छापून प्रसिद्ध केली. आपल्या बाजारात कलिंगड घेताना आपण वेगळे काय करतो? हवा असेल तिथे पोकळ वाजते, पाणी असेल तिथे भिंतीवर ठोकल्यासारखे. आज एक्स-रे आणि सोनोग्राफी हाताशी आहे आणि ती जरूर करावी. पण तरुण डॉक्टरांनी पाठीवर दोन बोटे ठोकणे सोडून दिले आहे, याचे मला वाईट वाटते. असो.

पाणी आहे एवढे कळून भागत नाही. ते कशाचे आहे, हे कळावे लागते. हृदय थकले, मूत्रपिंड किंवा यकृत बिघडले तरी छातीत पाणी होते, कॅन्सरनेही होते. पण आपल्या भागात, त्यातही तरुण माणसात, दोन शक्यता आधी डोळ्यांसमोर ठेवाव्या लागतात: न्यूमोनियानंतर झालेले पाणी, ज्याचा पुढे पू होऊ शकतो, आणि क्षयाचे पाणी. दोन्हींचे वागणे वेगळे, उपचार वेगळे आणि आपण करतो त्या चुकाही वेगळ्या. सुई घालून थोडे पाणी तपासल्याशिवाय त्यांतला फरक खात्रीने सांगता येत नाही. ‘गोळ्यांवर जिरतंय का बगा’ हे म्हणणे निव्वळ खुळचट नाही, हेही सांगितले पाहिजे. न्यूमोनियाबरोबर आलेले थोडे पाणी पुष्कळदा औषधांनी जिरतेच. अडचण एवढीच, की कोणते जिरेल आणि कोणते नासेल, हे बाहेरून दिसत नाही.

माझी स्वतःची एक गोष्ट सांगतो. १९९०च्या दशकाच्या सुरुवातीची. आठ-नऊ वर्षांचा मुलगा, न्यूमोनिया झालेला. इंजेक्शने दिली, ताप उतरला, तीन दिवसांनी परत चढला. डाव्या बाजूला खाली भरीव वाजत होते. बापाला म्हटले, सुई घालून पाहू. बाप म्हणाला, ‘एकुलतं एक हाय.’ मी आग्रह धरला नाही. इंजेक्शन बदलले, मग पुन्हा बदलले. असे बारा दिवस काढले. खरे सांगायचे तर सुईची भीती त्या बापाला होती, तेवढीच मलाही होती. तेव्हा तालुक्याच्या गावी सोनोग्राफी नव्हती आणि लहान मुलाच्या बरगड्यांतून अंदाजाने सुई घालायची म्हणजे माझाही हात कचरत होता. शेवटी त्याला सोलापूरला पाठवले, तोवर पाण्याचा पू झाला होता आणि पुवाचे दही. नळीतून ते येईना. छाती उघडून फुप्फुसावरचे जाड कवच सोलून काढावे लागले. मुलगा वाचला. आज तो चाळिशीत आहे. बाजारात भेटला की नमस्कार करतो. त्याचा डावा खांदा किंचित खाली उतरलेला आहे. इतर कोणाच्या ते लक्षातही येत नसेल, माझी नजर मात्र दर वेळी तिथेच जाते.

पुवाचा नियम गळवाचाच आहे: तो बाहेर काढल्याशिवाय ताप हटत नाही. रक्तातून जाणारे औषध त्या साठ्याच्या आत नीट पोचत नाही. पहिल्या दोन-तीन दिवसांत पाणी पातळ असते, ते सुईने किंवा बारीक नळीने सहज निघते. आठवडा उलटला, की आत जाळी धरते, कप्पे पडतात. तीन-चार आठवड्यांत फुप्फुसाभोवती साल धरते आणि फुप्फुस आतल्या आत जखडते. म्हणून इथे घाई हेच अर्धे औषध आहे. कप्पे पडलेच, तर ते विरघळवणारी औषधे नळीतून सोडता येतात. दोन औषधे एकत्र दिल्याने फायदा होतो, हे २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या इंग्लंडमधल्या एका अभ्यासाने दाखवले. दुर्बिणीची शस्त्रक्रियाही आहे. पण ही सगळी उशिराची किंमत. वेळेवर आलेल्याचे काम एका नळीवर आणि एका बाटलीवर भागते.

त्या बाटलीचाही एक इतिहास आहे. पू काढायचा म्हणजे बरगडी कापून छाती सरळ उघडायची, असा रिवाज पूर्वी होता. पहिल्या महायुद्धात, १९१७-१८ मध्ये, अमेरिकी सैन्याच्या छावण्यांत न्यूमोनिया आणि त्यामागोमाग छातीत पू, अशी साथच आली. शल्यचिकित्सकांनी झपाट्याने छात्या उघडल्या आणि दर शंभरांत सुमारे तीस जवान दगावले. चौकशीसाठी नेमलेल्या मंडळात एव्हार्ट्स ग्रॅहॅम होता. त्याने दाखवले, की आजार जोरात असताना छाती उघडी टाकली तर हवा आत शिरते आणि चांगल्या बाजूचे फुप्फुसही दबते. माणूस पुवाने नव्हे, उपचाराने मरतो. हवा आत न जाऊ देता पू काढायचा, हा त्याचा धडा. तो पाळल्यावर मृत्यूंचे प्रमाण शंभरी पाचच्या आसपास आले. नळीचे टोक बाटलीतल्या पाण्यात बुडवून ठेवण्याची युक्ती जर्मनीतल्या ब्यूलाऊने १८७५ मध्येच वापरली होती: आतले बाहेर येते, बाहेरची हवा आत जात नाही. आधुनिक वैद्यकाचा गुरू म्हणतात तो विल्यम ऑस्लरसुद्धा १९१९च्या डिसेंबरात न्यूमोनिया आणि छातीतला पू यांनीच गेला. तेव्हा प्रतिजैविके नव्हती. आपल्याकडे आहेत. आणि तीच बाटली आजही चालते आहे.

ही बाटली घरच्या माणसांनी समजून घ्यावी, असे मला फार वाटते. ती नेहमी छातीच्या खाली ठेवायची. रुग्णाला भेटायला आलेले पाहुणे पायात येते म्हणून ती उचलून खाटेवर ठेवतात. तसे केले तर बाटलीतले पाणी उलटे छातीत जाऊ शकते. खोकल्यावर नळीतले पाणी हलते किंवा बुडबुडे येतात. ते पाहून घाबरू नये, पण हलणे एकदम थांबले तर सिस्टरना सांगावे. रुग्णाने बाटली हातात घेऊन वॉर्डात फिरावे, खोल श्वास घ्यावा. नळी निघाल्यावर फुगे फुगवावेत. पडून राहिलेल्याचे फुप्फुस पडूनच राहते.

चौथ्या दिवशी गेलेल्या चुलत्याचे काय? त्यातही थोडे तथ्य आहे. सुई चुकून फुप्फुसाला लागू शकते. पुष्कळ दिवस साठलेले पाणी एका दमात उपसले तर दबलेले फुप्फुस एकदम फुलताना सुजते. म्हणून एका वेळी लिटर-दीड लिटरच्या वर काढत नाहीत आणि रुग्ण खोकू लागला, छाती आवळल्यासारखी वाटली, की थांबतात. हाताशी सोनोग्राफी असेल तर धोका आणखी कमी. पण बहुतेक चुलते सुईने गेलेले नसतात. ते सुईपाशी फार उशिरा आलेले असतात.

आता क्षयाच्या पाण्याकडे वळतो, कारण खरी गाठ तिथे आहे. पू माणसाला स्वस्थ बसू देत नाही. क्षयाचे पाणी बसू देते. ते गव्हाच्या काडाच्या रंगाचे, पातळ. त्यात जंतू मोजकेच, म्हणून काचेवर तपासले तर बहुधा सापडत नाहीत. पेशी, प्रथिने, एडीए ही तपासणी आणि बाकीचे चित्र जुळवून निदान करावे लागते. ‘रिपोर्टात टीबी आला नाही’ असे सांगत रुग्ण दारोदार फिरतात, त्यामागे हे कारण असते. थुंकीही तपासायचीच, कारण आत फुप्फुसात क्षय असेल तर तो घरात पसरतो. आणि सर्वांत मोठा फसवा भाग असा, की हे पाणी औषध न घेताही काही आठवड्यांत जिरते! दुसऱ्या महायुद्धाच्या काळात अमेरिकी सैन्यातल्या ज्या जवानांना असे पाणी होऊन ते विनाऔषध बरे वाटले, त्यांचा पाठपुरावा १९५५ मध्ये प्रसिद्ध झाला. शंभरातल्या जवळजवळ पासष्ट जणांना पुढच्या पाच वर्षांत क्षयाने पुन्हा गाठले होते. पाणी गेले म्हणजे रोग गेला नाही. दोन महिने चार औषधे आणि पुढे चार महिने तीन, असा सहा महिन्यांचा हिशेब पुरा करावा लागतो.

आणि आमच्या जिल्ह्यात सहा महिन्यांचा आणखी एक हिशेब आहे. दसरा-दिवाळीला ट्रक आणि ट्रॅक्टर लागतात. कळंब, वाशी, भूम, परंडा भागातली कुटुंबे ऊस तोडायला पश्चिम महाराष्ट्रात नाहीतर कर्नाटकात जातात, ती पाडव्याच्या मागेपुढे परततात. नवरा-बायको मिळून एक कोयता. मुकादमाकडून उचल आधीच घेतलेली असते आणि पावसाळ्यात ती खर्चूनही झालेली असते.

१९९०च्याच दशकात अशीच एक बाई आली. पंचविशीची. मी लिटरभर पाणी काढले. बारा-पंधरा दिवसांत ती हसत आली. भूक लागत होती, दम गेला होता. मी महिन्याच्या गोळ्या दिल्या आणि कागदावर इंग्रजीत लिहिले: सहा महिने. तिला वाचता येत नव्हते. हंगामाला कुठे जाणार, तिथे गोळ्या कोण देणार, हे मी विचारले नाही. ती चैत्रात परत आली, तेव्हा थुंकीतून रक्त पडत होते. आषाढात गेली. पुढच्या दसऱ्याला तिचा नवरा कसल्याशा औषधासाठी दवाखान्यात आला. जाणार का तोडीला, म्हणून विचारले. म्हणाला, ‘औंदा अर्धाच कोयता हाय. उचल बी अर्धीच दिली.’

तेव्हापासून फरक पडला नाही, असे कसे म्हणू? क्षयाचा उपचार घरी राहून इस्पितळाइतकाच गुणकारी होतो, हे मद्रासच्या केंद्राने १९५९ मध्येच जगाला दाखवले होते. आज गोळ्या फुकट आहेत. रुग्णाची नोंद निक्षयवर होते आणि त्या नंबरावर उपचार देशात दुसरीकडे हलवता येतो. पोषणासाठी महिन्याला ५०० रुपये मिळत, ते नोव्हेंबर २०२४ पासून १००० झाले. लहान मुलांना न्यूमोनियाविरुद्धची न्यूमोकोकल लस २०२१ पासून सरकारी लसीकरणात मिळते: दीड महिना, साडेतीन महिने आणि नऊ महिने. नातवंडांचे कार्ड काढून तेवढे पाहा. पण २०१८ मध्ये जाहीर झालेले २०२५ चे क्षयमुक्तीचे उद्दिष्ट गाठले गेले नाही, आणि जगातल्या दर चार क्षयरुग्णांपैकी साधारण एक आजही आपल्या देशातला आहे. २०२४ मध्ये तर अनेक ठिकाणी, महाराष्ट्रातही, गोळ्यांचाच तुटवडा पडला होता. सहा महिने खंड पाडू नका, असे रुग्णाला बजावणाऱ्या व्यवस्थेने स्वतः खंड पाडावा, याला काय म्हणायचे?

नंबर हलतो, पण माणूस फडात असतो. पहाटे चारला उठून तोड सुरू, रात्री गाडी भरेपर्यंत सुट्टी नाही. गोळ्या आणायला आठ-दहा किलोमीटरवरच्या आरोग्य केंद्रात जायचे म्हणजे खाडा, आणि खाड्याचे पैसे कापले जातात. मला पूर्वी वाटे, उपाय सोपा आहे: मुकादमाच्या वहीत उचलीचा रुपया न रुपया लिहिलेला असतो, त्याच वहीत कोणाच्या गोळ्या चालू आहेत तेही लिहावे. एकदा बोलता बोलता एका बाईसमोर हे म्हणालो. ती म्हणाली, ‘डाक्टरसाहेब, मुकादमाला टीबी कळला तर उचल कोण देईल?’ मी गप्प बसलो. वहीचा विचार तिथेच सोडला.

म्हणून माझे म्हणणे आता असे आहे. नोंद मुकादमाकडे नको. गावच्या आशाताईकडून कारखान्याजवळच्या आशाताईकडे फोनवरून जावी. पाठवणाऱ्या आरोग्य केंद्राने रुग्ण पोचला का, हे विचारून घेईपर्यंत त्याचे नाव आपल्या यादीतून काढू नये. टोळी जाण्याआधी, सप्टेंबरातच, गावात एक्स-रेची गाडी यावी. साखर कारखान्यांनी तोडकऱ्यांच्या कोपींपर्यंत आठवड्यातून एकदा गोळ्या पोचवण्याची व्यवस्था करावी. ऊस वजनकाट्यावर वेळेत पोचावा म्हणून जी यंत्रणा उभी राहते, तिच्यापुढे हे काहीच नाही. आणि छातीतली सुई व नळी जिल्ह्याच्या ठिकाणी दिवसाच्या चोवीस तासांत केव्हाही व्हावी. त्यासाठी सोलापूर-लातूरची वाट धरावी लागू नये. खासगी डॉक्टरांनीही पाणी काढल्यावर पाठ थोपटून घेऊ नये. निक्षयवर नोंद करणे हे आपल्यावर बंधन आहे, उपकार नव्हे.

यात एक वाकडे वळण राहतेच. सहा महिने गावात राहा, असे सांगणे सोपे; उचल कोण फेडणार? महिन्याचे हजार रुपये त्याला पुरे पडत नाहीत. याचे उत्तर दवाखान्यात नाही, एवढेच मला कळते.

गेल्या ऑक्टोबरात एकोणीस वर्षांचा एक पोरगा आला होता. उजव्या बाजूला पाणी. बाहेर लिंबाखाली बैठक बसली, चुलत्याची गोष्ट निघाली. या वेळी मी आत बसून राहिलो नाही. त्यांच्यात जाऊन बसलो आणि तासभर बोललो. पाणी काढले, तपासले, नोंद झाली. आई-बाप तोडीला गेले, तो आजीजवळ राहिला. गोळ्या सुरू झाल्यावर लघवी लाल होते म्हणून घाबरून एकदा रात्री फोन केला. तो औषधाचाच रंग, म्हटल्यावर झोपला. परवा येऊन गेला. वजन वाढले आहे. पाठीवर ठोकून पाहिले, खाली अजून किंचित भरीव वाजते. पदर थोडा जाड राहिला आहे, फुगे फुगवत राहा म्हटले.

‘गोळ्या कवा संपत्यात?’ त्याने विचारले.

कॅलेंडर पाहिले. चैत्री पुनवेच्या आसपास.

‘म्हंजी येरमाळ्याच्या जत्रंला,’ तो म्हणाला. म्हटले, जत्रेला जाण्याआधी एक्स-रे काढून जा.